पेटी जागी होईपर्यंत

क्लिप ऐकून धर्मेंद्रला तिच्यात काहीच वावगं वाटलं नाही. कुणी म्हातारा गात होता. आवाज खोल आणि संथ. विहिरीच्या तळातून भरलेली बादली सावकाश वर यावी तसा एकेक शब्द वर येत होता. भाषा पावरी असावी, त्याला ती समजत नव्हती. तरी त्याने क्लिप पुन्हा लावली, आणि खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटून ऐकत राहिला. खिडकीतून मळीचा गोड, आंबूस वास येत होता. कारखान्याची घरघर दुपारभर चालू होती, आणि थोड्या वेळाने ती घरघरही त्या गाण्याचाच भाग वाटायला लागली.

मग त्याने क्लिप पाठवणाऱ्या बाईंना फोन लावला. भूमिका पावरा त्यांचं नाव. धडगावच्या पुढे डोंगरात एका पाड्यावर त्या शिक्षिका होत्या.

"मॅडम, रेकॉर्डिंग तर स्वच्छ आहे," तो म्हणाला. "बाबांचा आवाजही फार छान आहे. बिघाड नेमका कशात आहे?"

पलीकडे नुसता वारा ऐकू आला. फोन लागावा म्हणून त्या कुठल्या तरी टेकडीवर चढल्या असाव्यात.

"सर, ते बाबा नाहीत," भूमिका म्हणाली. "ती आजी आहे. कालीबाई. तिचा आवाज सुईसारखा बारीक आहे."

धर्मेंद्र खुर्चीत सरळ झाला.

तो पुरुषोत्तमनगरात साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचा, कारण त्याची बायको मयूरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. पोटापाण्यासाठी तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा. पण त्याचं स्वतःचं म्हणावं असं काम वेगळंच होतं. परदेशातल्या एका छोट्या कंपनीने कधीकाळी आवाज टिपणारी एक पेटी काढली होती. जेवणाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची. तिला माइक जोडायचा आणि ती कॉम्प्युटरला जोडायची. कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात धर्मेंद्र तेव्हा नवा नवा लागला होता, आणि त्या पेटीचा, लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीवर चालणारा ड्रायव्हर त्याने लिहिला होता. पुढे कंपनी बंद पडली. पेट्या मात्र जगभर विखुरल्या होत्या आणि चालत होत्या. ड्रायव्हरचा कोड सर्वांसाठी खुला होता, म्हणून तो उरला, आणि तो सांभाळायला धर्मेंद्र उरला.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मयूरीच्या आईने एकदा विचारलं होतं. त्याने सांगितलं, दुभाष्या. पेटीला कॉम्प्युटरची भाषा येत नाही, कॉम्प्युटरला पेटीची येत नाही. मध्ये कुणीतरी लागतं. अडचण एवढीच, की लिनक्सचा गाभा दर काही महिन्यांनी नव्या आवृत्तीत येतो, आणि दर वेळी त्याची बोली थोडी बदलते. कधी एखाद्या हाकेचं नाव बदलतं, कधी ज्या हाकेला दोन गोष्टी सांगाव्या लागत तिला एकच पुरते. पेटी तीच, दुभाष्याला मात्र प्रत्येक आवृत्तीशी तिच्या बोलीत बोलावं लागतं. आणि लोक सगळे नव्या आवृत्तीवर जात नाहीत. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात एक जण गोठलेल्या तळ्यातल्या बर्फाला तडे जातानाचे आवाज टिपत असे. त्याच्या लाकडी झोपडीतल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं तीच जुनी आवृत्ती होती. केरळात एक बाई पहाटेचे पक्षी ऐकायची. अशांसाठी धर्मेंद्रने मागच्या खोलीत जुने कॉम्प्युटर मांडून ठेवले होते, प्रत्येकावर एकेक जुनी आवृत्ती.

दुपारी त्या खोलीत त्याला डुलकी लागे, आणि एक स्वप्न बऱ्याचदा पडे. त्यात तो कॉलनीत चालत असे. क्वार्टर सगळे सारखे, पिवळ्या भिंती, हिरवी दारं. तो एकात शिरे. आत अंधार, आणि दिव्याचं बटण नेहमीच्या जागी नसे. भिंतीवरून हात फिरवत तो ते शोधत राही. सापडलं की दिवा लागे, कोपऱ्यात बसलेलं कुणीतरी मान वर करून बघे, आणि तो पुढच्या घरात जाई. जागा झाला की त्याला कधी त्रास वाटत नसे. उलट कुणाकडे तरी जाऊन आल्यासारखं बरं वाटे.

भूमिकाकडे अशीच एक जुनी आवृत्ती होती. कुठल्या तरी विद्यापीठाच्या प्रकल्पातून तिला लॅपटॉप आणि पेटी मिळाली होती. गाणी लिहून काढायचा तिचा प्रोग्राम त्याच आवृत्तीवर चालत होता, त्यामुळे नवी टाकायची सोय नव्हती. धर्मेंद्रने मागच्या खोलीत तीच आवृत्ती लावून, तशीच पेटी जोडून मयूरीला बोलायला बसवलं. मयूरीचा आवाज मयूरीचाच आला. संध्याकाळी पुन्हा करून पाहिलं, तरी तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी भरू लागला.

"कोठे जाई ऱ्हायनात?" मयूरीने घरच्या अहिराणीत विचारलं.

"धडगावकडे. एक आवाज बिघडेल शे."

"फोनवर नई व्हस का?"

"आठे बिघडतच नई, तर दुरुस्त कसा करू? दोन दिवसमा यी जासू."

मयूरीने त्याच्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि ती कामावर गेली.

शहाद्याहून निघालेली एसटी म्हसावद सोडून डोंगराला लागली तसा उसाचा वास मागे पडला. पळस फुलला होता, पण सकाळच्या धुरकट उजेडात त्याचा रंगही झोपेत असल्यासारखा मऊ दिसत होता. धडगावला उतरून तो जीपमध्ये बसला. जीप जिथे थांबली तिथे भूमिका उभी होती. तिशीची असेल, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, खांद्यावर ओढणी घट्ट खोचलेली. ती शहाद्याजवळ लोणखेड्याच्या कॉलेजात शिकली होती, त्यामुळे धर्मेंद्रचं गाव कुठे, कारखाना कुठे, सगळं तिला ठाऊक होतं. ड्रायव्हरच्या फाइलमध्ये वरच त्याचं नाव आणि पत्ता लिहिलेला असे. तो वाचून तिचा आधी विश्वासच बसला नव्हता.

"मला वाटलं, असलं काही लिहिणारा माणूस समुद्रापलीकडे असणार," ती म्हणाली. "आणि हा तर शहाद्याच्या बाजूला."

दुपारी कालीबाई आली. लहानखुरी, वाकलेली, हातात चांदीची जाड कडी. भूमिकाच्या ओसरीत भिंतीला टेकून ती बसली आणि धर्मेंद्रकडे एकदा बघून तिने नजर वळवली. भूमिकाने माइक पुढे केला. कालीबाईने गायला सुरुवात केली, आणि धर्मेंद्रला पटलं, आवाज खरंच सुईसारखा होता. बारीक, थोडा चिरका, मध्येच श्वास तुटणारा. थोडंसं गाऊन ती अडखळली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच थांबली. मग तिने मान हलवली आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

भूमिकाने आताचं रेकॉर्डिंग लावलं. ओसरीत त्या खोल, संथ पुरुषाचा आवाज पसरला.

कालीबाई हलली नाही. तिचे डोळे मिटले होते आणि ओठ थोडे उघडे. प्रत्येक ओळ संपली की ती घशातल्या घशात हुंकार देई, आणि ओळीचा शेवटचा तुकडा स्वतःशी म्हणे. आवाज थांबला तेव्हाही ती काही वेळ तशीच बसून राहिली. मग भूमिकाशी दोन शब्द बोलून उठली आणि उतारावरून आपल्या घराकडे गेली.

"काय म्हणाल्या?" धर्मेंद्रने विचारलं.

भूमिका ओसरीच्या कडेला बसली.

"म्हणाली, उद्या येते त्याला ऐकायला." मग तिने पुढे सांगितलं. "मी तुम्हाला फोनवर सगळं सांगितलं नाही, सर. रेवजी म्हणून तिचा थोरला भाऊ होता. आमच्याकडे गायणं गातात, मोठमोठ्या गोष्टी, रात्र रात्र चालतात. ते पुरुषांनी गायचं. रेवजीसारखा गाणारा या भागात नव्हता. त्याने मांडलेली एक गोष्ट आहे. दोन बहिणी धान्याचं पहिलं बी शोधायला निघतात. वाटेत कुठले डोंगर लागले, कुठले ओढे, कुणी त्यांना पाणी दिलं, कुणी नाही दिलं, सगळं क्रमाने येतं. रेवजी गेला. ज्यांनी शिकायचं ते सुरतेकडे कामाला गेले. आता ती गोष्ट फक्त कालीबाईला येते, कारण ती लहानपणापासून त्याच्याजवळ बसायची."

"आणि हा आवाज..."

"पहिल्यांदा असा आला तेव्हा ती म्हणाली, रेवजी. तेव्हापासून रोज येते, आणि रोज थोडं पुढचं गाते."

ऊन उतारावर पसरलं होतं. खाली कुणाची तरी शेळी ओरडली.

"मग मला का बोलावलंत?" धर्मेंद्रने विचारलं. "त्यांना तर हवाच आहे तो आवाज."

"कारण गातेय ती," भूमिका म्हणाली. "आमच्यात हे कधी बाईने गायलेलं कुणी ऐकलेलं नाही. ती पहिली. आणि उद्या हे कुणी ऐकलं तर म्हणेल, एका म्हाताऱ्या माणसाने गायलंय. ती त्यात कुठेच नसेल."

धर्मेंद्रला ते बरोबर वाटलं, आणि कालीबाईचे मघाशी मिटलेले डोळेही आठवत राहिले.

पुढचा सगळा वेळ त्याने भूमिकाला तिच्या नेहमीच्या सवयीने काम करू दिलं आणि स्वतः नुसता बघत बसला. ओसरीत सावली लांबत गेली. भूमिका मुलांच्या वह्या तपासता तपासता मध्येच लॅपटॉप उघडे, दोन ओळी लिही आणि झाकण मिटून ठेवी. वीज कधी येई, कधी नाही. सौर पॅनेलवर सगळं चालायचं, म्हणून बॅटरी वाचवायची तिला सवयच होती. पाचव्यांदा की सहाव्यांदा तिने झाकण मिटलं तेव्हा धर्मेंद्रच्या ध्यानात आलं. त्याच्या मागच्या खोलीतले कॉम्प्युटर कधीच झोपत नव्हते. ते वर्षानुवर्षं जागेच होते.

त्याने लॅपटॉप मागून घेतला. आधी नीट चालू करून भूमिकाला बोलायला सांगितलं. आवाज तिचाच आला. मग झाकण मिटलं, थोडं थांबून उघडलं आणि पुन्हा बोलायला लावलं. या वेळी भूमिकाच्या जागी कुणी धीरगंभीर बाप्या बोलत होता. ती स्वतःच हसली.

"काय होतंय सांगू का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता आनंद होता. "तुमचं रेकॉर्डिंग कमी जागेत मावावं म्हणून पेटीला सांगून ठेवलंय, सेकंदाला आवाजाचे बत्तीस हजारच नमुने घे. तुम्ही झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, आणि त्याच्याबरोबर पेटीही. उघडलं की लॅपटॉप आधी जागा होतो. तो ड्रायव्हरला उठवतो, ड्रायव्हर लगेच पेटीला सांगतो, बत्तीस हजार. पण पेटी अजून झोपेत असते. तिच्यापर्यंत काही पोचत नाही. ती उठते तेव्हा तिला मागचं काहीच आठवत नसतं, ती आपली जन्माची सवय धरते, अठ्ठेचाळीस हजार. लॅपटॉपला वाटतं बत्तीसच येताहेत. मग तो ते सावकाश वाजवतो, दीडपट वेळ लावून. आवाज जड होतो, खाली जातो."

"आणि नव्या आवृत्त्यांत?"

"नव्यांत उठवायचा क्रम बदललाय. तिथे पेटी आधी उठते. या जुन्यात नाही."

"म्हणजे दुरुस्त होईल."

"होईल. सूचना द्यायच्या आधी पेटी जागी होईपर्यंत थांबायचं, एवढंच."

एवढंच करायला त्याला अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली. किती थांबायचं हा प्रश्न होता. फार थांबलं तर लॅपटॉप अडकून बसे, कमी थांबलं तर पेटीला कळत नसे. शेवटी त्याने ड्रायव्हरला पेटीकडून आधी होकार घ्यायला शिकवलं. होकार आला की मगच सूचना.

दुपारी कालीबाई आली, बसली, गायली. कालच्याहून थोडं पुढे जाऊन अडखळली. लॅपटॉपकडे बोट दाखवून तिने डोळे मिटले.

भूमिकाने धर्मेंद्रकडे पाहिलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

बारीक, चिरका आवाज ओसरीत वाजला. कालीबाईने डोळे उघडले. तिने पूर्ण ऐकून घेतलं, तुटलेल्या श्वासांसकट, अडखळल्या जागेसकट. मग तिने काहीतरी विचारलं, अगदी साध्या स्वरात.

"काय म्हणाल्या?"

"विचारतेय, तो कुठे गेला."

धर्मेंद्रने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. पेटी, झोप, नमुने. भूमिका सांगत गेली आणि कालीबाई ऐकत राहिली. मग ती उठली आणि गेली. आज तिची पाठ उतारावरून उतरताना जास्तच वाकलेली दिसली, किंवा धर्मेंद्रला तसं वाटलं.

त्या संध्याकाळी दोघं ओसरीत बसले होते.

"जुनी रेकॉर्डिंग तशीच आहेत ना?" भूमिकाने शेवटी विचारलं.

"आहेत. आणि कुठलंही रेकॉर्डिंग सावकाश लावता येतं. त्याला बिघाड लागत नाही. सांगाल तितकं सावकाश, एका बटणात."

"पण ते तिला फसवणं होईल."

"तर मग सांगून लावू," धर्मेंद्र म्हणाला. "तुम्हीच सांगा तिला, हा तुझाच आवाज आहे म्हणून."

पहाटे भूमिका त्याला कालीबाईच्या घराकडे घेऊन गेली. घरामागे मोहाची मोठी झाडं होती. मोह गळत होता. पिवळसर, रसाने फुगलेली फुलं टप टप करत खाली पडत होती, आणि त्यांच्या वासाने हवा जड झाली होती. हा गोडवा कारखान्याच्या गोडव्यासारखा नव्हता, तरी धर्मेंद्रला क्षणभर आपण कॉलनीतच कुठेतरी उभे आहोत असं वाटलं. कालीबाई टोपली घेऊन फुलं वेचत होती. तिच्याबरोबर तिची शेजारीण फुलीबाई होती. दोघींनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

भूमिका तिच्याजवळ उकिडवी बसली आणि स्वतःही फुलं वेचू लागली. वेचता वेचता बोलली. बरंच बोलली. कालीबाईचं उत्तर मात्र लहान होतं, आणि ते ऐकून भूमिकाचा हात थांबला.

"काय झालं?" धर्मेंद्रने हळूच विचारलं.

"म्हणाली, मला माहीत होतं तो माझाच आवाज. माझेच शब्द मला कळणार नाहीत का? माझ्याच अडखळण्याच्या जागा." भूमिकाने ओढणीने कपाळ पुसलं. "मग म्हणाली, मी कधी गाणारी नव्हते. मी हुंकार देणारी. तो म्हणायचा, मी हुंकार द्यायचे, शेवटचे शब्द उचलायचे. ते उचलले की पुढचं त्याला सुचायचं आणि मला दिसायचं. आता मीच म्हणायचं, मग हुंकार कुणी द्यायचा? म्हणून मी तिथे अडते. तो आवाज म्हणायचा तेव्हा मला माझं काम करता यायचं. घरी जाऊन पडले की पुढचं दिसायचं, थोडं थोडं."

धर्मेंद्रला आता कळलं की रेकॉर्डिंग रोज थोडं पुढे का सरकत होतं.

त्याने लॅपटॉप मोहाच्या मुळाशी एका दगडावर ठेवला. काल दुपारचं रेकॉर्डिंग काढलं, दुरुस्त झालेलं, आणि भूमिकाला विचारून ते सावकाश लावलं. खोल आवाज झाडाखाली उमटला. कालीबाई वेचत राहिली. पहिल्या दोन ओळी तशाच गेल्या. तिसरीनंतर तिने हुंकार दिला. पुढच्या ओळीचा शेवट तिने उचलला, थोडा मोठ्याने. फुलीबाई वेचायची थांबून ऐकू लागली. आवाज त्या अडखळण्याच्या जागेपाशी आला आणि थांबला.

कालीबाईही थांबली. एक फूल तिच्या खांद्यावर पडलं. मग ती पुढचं म्हणाली.

भूमिकाने इतक्या हलक्या हाताने माइक पुढे केला की कुणाला कळलंही नाही. पेटीवरचा बारीक दिवा लागला होता. झाकण रात्रभर मिटलेलं होतं आणि आत्ताच उघडलं होतं, म्हणून धर्मेंद्रने एकदा खात्री करून घेतली. नमुने बरोबर येत होते. मग तो झाडाला टेकून बसला. त्याला एक शब्दही समजत नव्हता. दोन बहिणी कुठेतरी चालत होत्या, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याचे डोळे जड झाले. बारीक आवाज ओळीमागून ओळ पुढे जात होता आणि त्याला त्या दोघी दिसू लागल्या. एकीच्या डोक्यावर टोपली होती, दुसरी मागे वळून वळून बघत होती. त्या उसाच्या शेताच्या बांधावरून गेल्या, कारखान्याच्या धुराखालून गेल्या, कॉलनीतल्या पिवळ्या भिंतींपाशी थांबल्या, आणि एका घरातून कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलं. आवाजात मध्ये मध्ये दुसराही आवाज मिसळत होता, कच्चा, बिचकत येणारा. त्याने डोळे उघडले तर फुलीबाई हुंकार देत होती.

ऊन झाडातून खाली आलं तेव्हा कालीबाई थांबली. टोपली उचलून तिने फुलीबाईला काहीतरी सांगितलं, आणि दोघी मोह वाळत घालायला अंगणात गेल्या.

घरी परतल्यावर धर्मेंद्रने ती दुरुस्ती बाकीच्या आवृत्त्यांतही नेली. त्याने मागच्या खोलीतला एकेक कॉम्प्युटर मुद्दाम झोपवला, उठवला आणि ऐकलं. काहींत क्रम ठीक होता, तिथे त्याने हात लावला नाही. दोन आवृत्त्यांत तोच घोटाळा निघाला. बर्फ ऐकणाऱ्या माणसाची त्यातलीच एक होती. त्याने कळवलं, की गेल्या हिवाळ्यात तळं त्याला फारच खोल वाटलं होतं, आणि आपण त्यावर एक निबंधही लिहायला घेतला होता. पत्र रागाचं नव्हतं. मयूरीने ते वाचलं आणि जेवताना तिला मध्येच हसू येत राहिलं.

गळीत हंगाम संपला. कारखाना बंद झाला आणि कॉलनी एकदम शांत झाली. पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी भूमिकाचा फोन आला. मागे वारा होताच.

"गोष्ट कुठवर आली?" धर्मेंद्रने विचारलं.

"बरीच आली, सर. आता आजी फुलीबाईच्या अंगणात गाते. चारसहा बाया येतात. सावकाश आवाज ती आता मागत नाही. एकदा मीच लावला, तर म्हणाली, राहू दे, त्याला दमायला झालं असेल."

"आणि रेकॉर्डिंग? ड्रायव्हर नीट चालतोय ना?"

"चालतोय. पण कालचं नाही झालं."

"का? पेटी उठली नाही?"

"तसं नाही, सर," भूमिका म्हणाली. "फुलीबाई बाजाराला गेली होती. हुंकार मीच देत होते. पेटी लावायची राहूनच गेली."

धर्मेंद्र हसला नाही, रागावलाही नाही. काल गोष्टीत काय झालं, असं त्याने विचारलं, आणि त्या दोघी बहिणी नदी कशी उतरल्या ते भूमिका त्याला मराठीत सांगू लागली.